दंडाचं बीपी मशीन: कॅन्सरची सुनिटिनिब कॅप्सूल चालू असलेल्या घरातला दीड वर्षाचा अनुभव

आधी मशीनबद्दल सांगते. कराडच्या एका मेडिकलमधून गेल्या वर्षी 2,150 रुपयांना घेतलं. दंडाला पट्टा गुंडाळायचा, बटण दाबायचं, अर्ध्या-पाऊण मिनिटात आकडे येतात. आकडे ठळक आहेत, मला चष्म्याशिवाय वाचता येतात. चार सेल लागतात आणि ते चार-पाच महिने जातात. त्याआधी मुलाने पुण्याहून मनगटाचं मशीन पाठवलं होतं. हात मांडीवर ठेवला की एक आकडा, छातीशी धरला की दुसरा, कधीकधी 20 चा फरक. ते परत पाठवलं. ज्यांच्या घरी खरंच आकड्यावर औषध ठरणार आहे त्यांनी दंडाचंच घ्यावं.

आमच्याकडे आकड्यावर औषध ठरतं. यांना किडनीचा कॅन्सर. डावी किडनी काढली, पण फुप्फुसात गाठी निघाल्या म्हणून सुनिटिनिबच्या कॅप्सूल सुरू झाल्या. 50 मिलिग्रॅमची रोज एक, चार आठवडे घ्यायची, मग दोन आठवडे गॅप, ही एक सायकल. कॅप्सूल सुरू करायच्या आधीच डॉक्टर म्हणाले, "काकू, घरी बीपीचं मशीन हवं. या औषधानं बीपी वाढतं." यांना आयुष्यात कधी बीपी नव्हतं. पहिल्या दिवशी सकाळी 124/78 होतं. नवव्या दिवशी 148/92.

असं का होतं ते डॉक्टरांनी कागदावर रेघा काढून समजावलं. गाठ एक-दोन मिलिमीटरच्या पुढे वाढायची तर तिला स्वतःच्या रक्तवाहिन्या लागतात. बोस्टनचे सर्जन ज्युडा फोकमन यांनी ही कल्पना 1971 मध्ये मांडली होती. आमच्या भागातल्या माणसाला हे लगेच कळतं. ऊस वाढवायचा तर पाट काढावा लागतो, तशी गाठ आपला पाट स्वतःच काढून घेते, आणि ही कॅप्सूल तो पाट अडवते. पण ज्या संदेशावर गाठीच्या वाहिन्या वाढतात त्याच संदेशावर आपल्या अंगातल्या चांगल्या रक्तवाहिन्याही सैल राहतात. तो तुटला की त्यांना सैल ठेवणारा नायट्रिक ऑक्साइड कमी पडतो, त्या आवळतात आणि दाब चढतो. यांची तर एकच किडनी उरलेली, आणि चढलेला दाब किडनीला सोसत नाही.

148 बघून हे घाबरले. "अगं, हे औषध बाधतंय मला, बंद करूया," असं दोन दिवस चाललं होतं. तेव्हा डॉक्टरांनी जे सांगितलं ते इथे मुद्दाम लिहिते, कारण असंच म्हणून औषध थांबवणारी घरं असतील. किडनीच्या पसरलेल्या कॅन्सरला सुनिटिनिब घेणाऱ्यांचा एक अभ्यास 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांचं वरचं बीपी औषधावर 140 किंवा त्याच्या वर गेलं होतं, त्यांचं मधलं आयुर्मान, म्हणजे निम्मे जण ज्याहून जास्त जगले तो काळ, 30.9 महिने निघालं, ज्यांचं गेलं नाही त्यांचं 7.2 महिने. आणि बीपीची गोळी घेतल्यानं कॅन्सरच्या औषधाचा गुण कमी झाला नव्हता. मी तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. आकडा ऐकला की तो कुणाचा, किती जणांचा हे विचारल्याशिवाय मला राहवत नाही. हे आकडे पूर्ण गटाचे आहेत. ज्यांचं बीपी वाढत नाही त्यांनी यावरून धीर सोडू नये, आणि वाढलंय म्हणून कुणी ते तसंच चढू देऊ नये. आम्हाला एवढंच पुरलं की बीपी आवरता येतं आणि कॅप्सूल चालू ठेवता येते. अॅम्लोडिपिन ही बीपीची गोळी सुरू झाली. गोळी मात्र कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारूनच घ्या. डिल्टियाझेम आणि व्हेरापामिल या बीपीच्याच गोळ्या आहेत, पण त्यांनी सुनिटिनिबचं रक्तातलं प्रमाण वाढतं.

आता पट्ट्याबद्दल. या मशीनबद्दल माझी खरी तक्रार तीच आहे, आणि ती दुकानदारानेही सांगितली नाही, माहितीपत्रकातही बारीक अक्षरात कुठेतरी होती. सोबत येणारा पट्टा 22 ते 32 सेंटीमीटर घेराच्या दंडासाठी असतो. घेतला तेव्हा यांचा दंड 27 होता, अगदी बरोबर बसायचा. तिसऱ्या सायकलनंतर तोंडाची चव गेली, तळपायाला फोड आले, खाणं सुटलं. 64 किलोचे 53 झाले. त्याच काळात मशीनवरचे आकडे छान यायला लागले. 132, 134, 131. मी फोनवर मुलाला आनंदाने सांगायची, बीपी ताब्यात आलं. हे मात्र म्हणायचे, डोकं जड आहे.

तपासणीला जाताना मशीन पिशवीत घेऊन गेले. सिस्टरनी पट्टा बांधायला घेतला आणि थांबल्या. पट्ट्यावर एक पांढरी खूण असते, ती ठरलेल्या दोन रेषांच्या मध्ये यायला हवी. आमची खूण रेषा ओलांडून केव्हाच पलीकडे गेली होती, पट्टा दंडाभोवती जवळजवळ दोनदा फिरत होता. त्यांनी टेप लावली, 20.5. आमच्या पट्ट्यावर 136/84 आलं. त्याच दंडाला, पाच मिनिटांनी, त्यांच्या लहान पट्ट्यावर 145/90. दंडाला पट्टा मोठा झाला की आकडा खराहून कमी येतो, लहान झाला की जास्त. घरी मोजताना 135/85 ही रेषा धरतात. म्हणजे दीड-दोन महिने आम्ही रेषेच्या खाली आहोत असं समजत होतो आणि होतो वर. तो रस्ताभर मी काही बोलले नाही.

17 ते 22 चा लहान पट्टा कराडमध्ये मिळाला नाही. मेडिकलवाला म्हणाला, तो कोण विचारत नाही, मागवावा लागेल. कॅन्सरच्या पेशंटचे दंड असेच वाळतात, मग विचारत कसं नाही? शेवटी मुलाने मागवला, 780 रुपये. पट्टा त्याच कंपनीचा आणि त्याच मॉडेलचा असावा. तेव्हापासून दर रविवारी आंघोळीनंतर मी शिलाई मशीनच्या खणातली टेप काढते आणि दंड मोजून वहीत लिहिते.

वहीबद्दलही लिहायला हवं. मशीन 60 नोंदी साठवतं, पण त्या एकामागून एक बटण दाबून बघाव्या लागतात, डॉक्टरांसमोर त्याचा उपयोग नाही. मी हजेरीपटासारखी रकाने आखलेली दोनशे पानी वही केली आहे. तारीख, सायकलचा दिवस, सकाळी दोन वेळा, संध्याकाळी दोन वेळा, मध्ये एक मिनिट सोडून. आधी लघवीला जाऊन यायचं, अर्धा तास चहा नाही, खुर्चीला पाठ टेकून, पाय जमिनीला टेकवून पाच मिनिटं गप्प बसायचं. हे गप्प बसणंच यांना अवघड. चाळीस वर्षं पिठाच्या गिरणीत काढली, गिरणीच्या पट्ट्याच्या आवाजावर बोलायची सवय. मोजताना बोलले की दहा तरी जास्त येतात, म्हणून त्या वेळी मी समोर तोंडावर बोट ठेवून बसते.

वहीतूनच आम्हाला कळलं की यांचं बीपी सायकलबरोबर चालतं. आठव्या-नवव्या दिवसापासून चढतं, चौथ्या आठवड्यात सगळ्यात वर, गॅपमध्ये उतरतं. बीपीची मोठी गोळी गॅपमध्येही तशीच चालू होती तेव्हा एका सकाळी 98/60 आलं आणि हे मोरीत भिंत धरून उभे राहिले. वही पुढे ठेवल्यावर डॉक्टरांनी गॅपसाठी गोळीचं प्रमाण वेगळं लिहून दिलं. वहीच्या पहिल्या पानावर त्यांनीच लिहिलंय: वरचं 160 च्या पुढे राहिलं तर फोन, 180/110 किंवा डोकेदुखीबरोबर दिसायला धूसर, तर थेट कॅज्युअल्टी.

मशीनला पाचपैकी चार. आकड्यांबद्दल तक्रार नाही, ओपीडीतल्या मशीनशी लहान पट्ट्यावर दोन-तीनचाच फरक येतो. एक तारा कापला तो पट्ट्यासाठी. असं मशीन विकताना दुकानदाराने टेप लावून दंड मोजलाच पाहिजे. नळीचं टोक थोडं सैल आहे, बसवताना दाबून बसवावं लागतं.

काल संध्याकाळी 128/78. यांच्या डोक्यावर नवीन आलेले केस पांढरेशुभ्र आहेत, तेही या कॅप्सूलनेच. दोन महिन्यांपासून भाकरी जातेय. रविवारी दंड 21.5 भरला. 22 च्या वर गेला की जुना पट्टा पुन्हा लागेल, म्हणून तो पुसून कपाटात ठेवला आहे.