मधलं धुराडं की कडेचं?

अमेरिकेतल्या ब्रिटिश वसाहतींच्या काळात ईशान्येकडच्या थंड न्यू इंग्लंड भागात लाकडी घराच्या पोटात एकच भलंमोठं विटांचं धुराडं असे. मॅसॅच्युसेट्समधल्या डेडहॅमचं, १६४०च्या सुमाराचं फेअरबँक्स घर तसंच आहे. दोन्ही बाजूंच्या खोल्यांतल्या चुली त्याच धुराड्याला जोडलेल्या. तापलेल्या विटा रात्रीही ऊब देत. तरी बरीचशी उष्णता धुराबरोबर वर निघून जाई, म्हणून कडाक्याच्या हिवाळ्यात स्वयंपाक, सूतकताई, झोप, सगळं चुलीजवळच. थंडीत मी हेच घर निवडेन.

दक्षिणेकडच्या उष्ण व्हर्जिनियात धुराडी दोन्ही टोकांच्या भिंतींना. अठराव्या शतकात मधून आरपार बोळ आला, उन्हाळ्यात वारा खेळावा म्हणून. सधनांचं स्वयंपाकघर तर वेगळ्याच इमारतीत. मालकाचं घर गार राही, आणि त्या धगीत गुलाम राबत.