प्रशिक्षण संस्थेचे ग्रंथालय: चिकटवलेली शुद्धिपत्रके आणि बंद झालेले लॉगिन

आमच्या विभागातील एका प्रशासकीय प्रशिक्षण संस्थेच्या ग्रंथालयाचा मी बरेच महिने नियमित वापर करीत आहे. अलीकडे तेथील ऑनलाइन नियतकालिकांचे माझे लॉगिन पूर्वसूचना न देता बंद झाले, त्यावरून पत्रव्यवहार झाला, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे. वाचनकक्ष, वेळा, अनामत रक्कम या गोष्टी प्रशिक्षणाला जाऊन आलेल्यांना ठाऊक आहेतच.

शासन निर्णय राज्य शासनाच्या संकेतस्थळावर सांकेतांकासह (प्रत्येक निर्णयाच्या स्वतंत्र क्रमांकासह) विनामूल्य मिळत असताना अनामत भरून वर एसटीचे भाडे का खर्च करावे, असे मला प्रारंभी वाटत असे. आमच्या आस्थापना शाखेत, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या सेवाविषयक बाबी पाहणाऱ्या शाखेत, निवृत्तिवेतनाचे एक प्रकरण आल्यावर हे मत बदलले. महाराष्ट्र शासनाच्या कर्मचाऱ्यांसाठीचे 1982 चे निवृत्तिवेतन नियम 1 नोव्हेंबर 2005 रोजी किंवा त्यानंतर नियुक्त झालेल्यांना लागू नाहीत. मात्र ज्यांच्या पदाची जाहिरात त्या तारखेपूर्वी निघाली होती, त्यांना शासनाने 2024 मध्ये हे जुने नियम स्वीकारण्याचा एकवेळचा विकल्प दिला. संकेतस्थळावर यातील प्रत्येक निर्णय सुटा सापडतो, परंतु कोणत्या निर्णयाने कोणता अधिक्रमित झाला, म्हणजे कोणत्या जुन्याची जागा कोणत्या नव्याने घेतली, याची साखळी ज्याची त्यालाच जुळवावी लागते आणि संदर्भातील जुना निर्णय पुष्कळदा तेथे नसतोच.

या ग्रंथालयातील नियमपुस्तकांत ही साखळी पानोपानी लावलेली आहे. संबंधित नियमाच्या कडेला शुद्धिपत्रक किंवा सुधारणेची प्रत चिकटवलेली असते, त्यावर चिकटवल्याची तारीख व आद्याक्षरे असतात. रजा नियम, 1981 मधील नियम 74 उघडला, तर मूळ छापील मजकुरात प्रसूती रजा 90 दिवसांची दिसते आणि शेजारीच ती 180 दिवस करणाऱ्या 2009 च्या शासन निर्णयाची प्रत लावलेली आढळते. माझ्या पैशांनी विकत घेतलेल्या पुस्तकात असे काही नव्हते, आणि दर नव्या आवृत्तीला पुन्हा पैसे मोजणे मला परवडत नाही. किती पुस्तकांची देवघेव झाली याची नोंद ग्रंथालये ठेवतात. चुकीच्या नियमावर बेतलेली किती कार्यालयीन टिपणे या कात्री-डिंकाच्या कामामुळे टळली, याची नोंद कोठेच होत नाही. ती व्हावी असे मला मनापासून वाटते, कारण चुकलेल्या टिपणाची झळ शेवटी एखाद्या निवृत्त कर्मचाऱ्याला बसते.

लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 वरील माझ्या अभ्यासलेखासाठी ग्रंथपालांनी संदर्भसूची तत्परतेने करून दिली. तिच्यातील लेख वाचण्यासाठीच ते लॉगिन हवे होते. ते बंद का केले असे विचारल्यावर ‘प्रशिक्षण कालावधी संपल्याने आपण पात्र नाही’ असे उत्तर मला संस्थेकडून मिळाले. हे मला मान्य नाही. अडचणी वर्गात येत नाहीत, तालुक्याच्या कार्यालयात धारिका (फाइल) समोर आल्यावर येतात. केंद्राची ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ ही संशोधन नियतकालिके ऑनलाइन उपलब्ध करून देणारी योजना उच्च शिक्षण संस्थांतील विद्यार्थी, अध्यापक व संशोधकांसाठी आहे. तहसील किंवा पंचायत समितीतील कर्मचारी तिच्यात बसत नाही. अशा वेळी त्याच्या हक्काची जागा म्हणजे त्याची प्रशिक्षण संस्था. सेवार्थ क्रमांकाची (राज्य कर्मचाऱ्याच्या वेतन प्रणालीतील ओळख क्रमांकाची) पडताळणी करून सेवेत असेपर्यंत प्रवेश द्यावा, अशी लेखी मागणी मी केली असून उत्तर आलेले नाही.

दरम्यान ग्रंथपालांनी, मागणी केल्यास नियमपुस्तकातील नेमके पान चिकटवलेल्या प्रतीसह स्कॅन करून ईमेलने पाठविण्याची व्यवस्था सुरू केली. पहिले पान दुसऱ्याच दिवशी आले. त्यामुळे लॉगिनबाबतची तक्रार कायम ठेवूनही माझे एकूण मत अनुकूल झाले आहे आणि भरलेली अनामत मी परत मागणार नाही. आपल्या जिल्ह्याजवळच्या अशा ग्रंथालयाचे सभासद होण्यापूर्वी तेथील रजा नियमांचे पुस्तक मागून घ्यावे आणि नियम 74 चे पान पाहावे.