हिरवा दिवा लागला म्हणजे दुर्बीण स्थिर झाली असं नाही

दादा सांगलीला असतो, मी साताऱ्यात. मला पक्ष्यांचं वेड, त्याला आकाशाचं. दोन वर्षांपासून त्याचे हात कापायला लागलेत. साधी 10×50 दुर्बीण (म्हणजे 10 पट मोठं दाखवणारी, 50 मिलिमीटरच्या भिंगांची) डोळ्याला लावली की गुरू एका जागी ठरत नाही. तिवईवर लावावी, तर मृग माथ्यावर आला की मान अवघडते. माझी अडचण वेगळी. मायणीच्या तलावावर पट्टकादंबांचा, म्हणजे हिवाळी पाहुण्या हंसांचा, थवा उठला की तिवई हलवेपर्यंत तो पार पलीकडे गेलेला असतो. म्हणून दोघांत मिळून एकच, प्रतिमा स्थिर ठेवणारी दुर्बीण घ्यायची असं ठरलं.

मॉडेल निवडण्यात महिना गेला. 15×50 ताऱ्यांना उत्तम, पण सकाळभर ती गळ्यात घालून कासच्या रस्त्याला हिंडणं मला झेपणार नाही. 10×42 पाण्यापावसात चालते, पण तीही किलोच्या वर. कॅननची 12×36 साधारण 660 ग्रॅमची, दोन पेन्सिल सेलवर चालणारी. आकाशासाठी 36 मिलिमीटरची भिंगं लहान खरी, पण चित्र हलायचं थांबलं की साधी दुर्बीण हातात धरून न दिसणारे बारीक तारेही दिसू लागतात. दादानं हे एका आकाशदर्शनात स्वतः पाहिलं होतं. नवीन घेणं परवडणारं नव्हतं, म्हणून वापरलेली शोधत होतो.

जुन्या वस्तूंच्या एका साइटवर जाहिरात दिसली. फोटो स्पष्ट होते, डाव्या नेत्रिकेजवळ (डोळा लावायच्या भिंगाजवळ) एक ओरखडाही दिसत होता, त्यामुळे माणूस प्रामाणिक वाटला. किंमत 32 हजार. 20 हजार यूपीआयनं आधी आणि उरलेले भेटल्यावर रोख, असं ठरलं. आधी पैसे पाठवले ही पहिली चूक.

साताऱ्यात एसटी स्टँडजवळच्या एका हॉटेलात तो भेटला. बोलणं अगदी अदबीचं. मला खुर्चीवर बसवलं, कोपरं टेबलावर टेकायला सांगितली आणि अजिंक्यताऱ्यावरचा टॉवर बघायला लावला. "आता बटण दाबा ताई. हिरवा दिवा लागला? बघा कसं थांबलं!" खरंच थांबलं होतं. कोपरं टेबलावर असताना 12 पटीची कुठलीही दुर्बीण बऱ्यापैकी थांबते, हे त्या क्षणी माझ्या डोक्यात आलंच नाही. ओरखडा दिसेना म्हणून विचारलं, तर म्हणाला, "हा दुसरा पीस आहे, त्याच्यापेक्षा नवा." मला उलट आनंदच झाला. वस्तुभिंगं, म्हणजे पुढची मोठी भिंगं, लालभडक चमकत होती, तीही मला छान वाटली.

शनिवारी दादा आला. रात्री गच्चीवर त्यानं मोठ्या हौसेनं ती गुरूवर लावली, बटण दाबलं. हिरवा दिवा लागला आणि गुरू तसाच नाचत राहिला. बाजूचे चार चंद्र ओळीत दिसायला हवे होते, तिथं नुसत्या रेघोट्या. दादा किती तरी वेळ बटण सोडून पुन्हा दाबत राहिला. मग हळूच म्हणाला, "माझेच हात जास्त कापत असतील गं." ते ऐकून मला जे वाटलं ते अजून जात नाही. मी त्याच्या हातून दुर्बीण घेतली. माझ्या हातातही तेच.

सकाळी मी सेल काढून तारेवरच्या वेड्या राघूकडे पाहिलं, मग सेल घालून, बटण दाबून पाहिलं. काडीचा फरक नाही. अंगणातल्या लालबुड्या बुलबुलाची लाल बूड विटकरी, मळकी दिसत होती. वस्तुभिंगांवरच्या त्या लाल लेपानं लाल प्रकाश परत फेकला जातो, म्हणून आत येणारं चित्र हिरवट होतं. मग हात लांब करून दुर्बीण उजळ आकाशाकडे धरली. नेत्रिकेत जी उजेडाची टिकली दिसते ती 36 भागिले 12, म्हणजे 3 मिलिमीटरची आणि नीट गोल हवी. पट्टी लावली तर जेमतेम 2, तीही कडेनं कापलेली. म्हणजे भिंगातून आलेला उजेड आतच अडत होता.

ओळखीच्या कॅमेरा दुरुस्तीवाल्यानं झाकण उघडलं. सेलच्या कप्प्यातून दोन तारा निघून सरळ त्या हिरव्या दिव्याला गेल्या होत्या. बाकी काहीच नव्हतं. खऱ्या दुर्बिणीत हाताची हालचाल ओळखणारे सेन्सर असतात. दोन काचांमध्ये तेल भरलेला, कोन बदलू शकणारा लोलक (प्रिझम) असतो. हात जितका हलेल तितका तो क्षणात कलतो आणि चित्र जागेवर राहतं. म्हणूनच दुर्बीण झटकन वळवली की खऱ्यात चित्र किंचित मागे रेंगाळतं, मग येऊन स्थिरावतं. इथं तसलं काही नव्हतं.

कुणी घ्यायला निघालं असेल तर माझं ऐका. उभं राहून, कोपरं मोकळी ठेवून, लांबच्या विजेच्या तारेकडे किंवा पाटीवरच्या अक्षरांकडे बघा. बटण दाबून, सोडून, पुन्हा दाबून बघा. विकणारा कोपराखाली हात देऊन "नीट धरा" म्हणू लागला तर हात बाजूला करा. सेल काढूनही बघायला मागा. नकार मिळाला तर तिथून उठा. आणि पैसे वस्तू तपासल्यावरच द्या.

त्यानं पुण्यातल्या दुकानाचं म्हणून बिल दिलं होतं. त्यावरचा जीएसटी क्रमांक 24 नं सुरू होतो. महाराष्ट्राचा 27 नं होतो, 24 गुजरातचा. जीएसटीच्या पोर्टलवर टाकला तर असा क्रमांकच सापडला नाही. हे मी पैसे देण्याआधी दोन मिनिटांत करू शकले असते.

त्याच दिवशी सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन केला, cybercrime च्या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवली, पोलीस ठाण्यात अर्जही दिला. यूपीआयच्या 20 हजारांचा माग निदान कागदावर आहे. रोखीच्या 12 हजारांचा पुरावा माझ्याकडे काहीच नाही. त्याचा नंबर बंद आहे.

परवा त्याच साइटवर पुन्हा एक जाहिरात पाहिली. डाव्या नेत्रिकेजवळ तोच ओरखडा, तेच फोटो. किंमत 30 हजार, गाव कऱ्हाड.