एनआयसीयूतले ४१ दिवस : पाचपैकी चार तारे

आमचं बाळ गरोदरपणाच्या २९ आठवड्यांतच जन्मलं, वजन १ किलो १४० ग्रॅम, म्हणून एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात. घरी येऊन दोन महिने झाले, आज लिहायला सवड मिळाली.

माझा धंदा यंत्रमागाचा. इचलकरंजीत खडखडाटातच वाढलो. आवाज जरा बदलला की धागा तुटला हे न बघता कळतं. त्यामुळे एनआयसीयूतही माझं सगळं लक्ष मशीनवर. सीपॅप म्हणजे नाकातून हलक्या दाबाने हवा देणारं मशीन, त्याची नळी पाण्याच्या बाटलीत बुडबुडते, तो आवाज थांबला की माझ्या पोटात गोळा. तिसऱ्या दिवशी सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा, ९९ दिसलं. हरखून आईला फोन लावायला निघालो, तेवढ्यात सिस्टरनी येऊन ब्लेंडरचा, म्हणजे हवेत ऑक्सिजन मोजून मिसळणाऱ्या यंत्राचा, नॉब मागे फिरवला. ऑक्सिजन ३५ टक्के होता, तो ३० केला. मी जवळजवळ भांडलोच, "अहो, चांगलं चाललंय तर कमी कशाला करताय?"

राउंडच्या मॅडमनी कागदावर दोन रेघा मारल्या. खाली ९०, वर ९५. ऑक्सिजन चालू आहे तोवर बाळ या दोन रेघांच्या मध्ये ठेवायचं. बराच काळ खाली राहिलं तर जिवाला धोका. वर राहिलं तर डोळ्याच्या पडद्यावरच्या अर्धवट रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या वाढतात, नजरही जाऊ शकते. १९४०-५० च्या दशकांत परदेशात भरमसाट ऑक्सिजनपायी हजारो कमी दिवसांची मुलं आंधळी झाली म्हणे. मी गप्पच बसलो. पुढे बाळ २१ टक्क्यांवर, म्हणजे आपल्या साध्या हवेवर आलं, तेव्हा १०० दिसलं तरी कुणी काही केलं नाही.

जिथे बाळंतपण झालं तिथे सिलिंडरची नळी थेट हूडमध्ये, म्हणजे बाळाच्या डोक्यावरच्या प्लास्टिकच्या झाकणात, सोडली होती, ब्लेंडर नाही की काही नाही. इथे आकडा खाली आला तर उठतातच, पण वर गेला तरी उठतात. चार तारे त्याचेच.

एका रात्री बायको बाळाला छातीशी घेऊन बसली होती. आकडा ८८, ८१, ७४. सिस्टरनी आधी बाळाचा चेहरा बघितला, मान सरळ केली, नाकातून सरकलेली नळी बसवली, तळव्यावर बोट घासलं. आकडा ९२. ऑक्सिजनला हातच लावला नाही. श्वास घ्यायला विसरू नये म्हणून रोज कॅफीनही देत होते. आई म्हणाली, "पोरगं पेटीतच चहाबाज झालं!"

एक तारा कापला तो रात्रपाळीसाठी. चार बाळांमागे एकच सिस्टर. एकदा अलार्म बराच वेळ वाजत राहिला, शेवटी मीच हाक मारली. बाहेर नातेवाइकांना बसायला चार खुर्च्या, आम्ही वीस जण. बिलाच्या खिडकीवरच्या माणसाबद्दल काही लिहीत नाही.

डोळ्यांची पहिली तपासणी तिसऱ्या आठवड्यात पेटीजवळच झाली. थेंब घातल्यावर लेकरू असं रडलं की बायको बाहेर निघून गेली. मग दर दोन आठवड्यांनी तेच. घरी सोडताना पुढची तारीख फाइलच्या पहिल्याच पानावर लाल पेनाने लिहून दिली होती, तीही चुकवू दिली नाही. आदल्या दिवशी सिस्टरचा फोन. शेवटची तपासणी परवा झाली. पडदा पूर्ण वाढलाय. आता पोरगं पंख्याकडे बघत पडलेलं असतं.