मुंबईत निवांत दिवस कुठे घालवावा: माटुंगा, फोर्ट, राणीची बाग की लाँच?

मुंबईत सुट्टीचा दिवस बिघडतो तो बहुतेक वेळा प्रवासात. सकाळी उत्साहाने चार ठिकाणं ठरतात, लोकल, टॅक्सी, पुन्हा लोकल असं करत ती उरकली जातात आणि संध्याकाळी माणूस ऑफिसच्या दिवसापेक्षा जास्त दमून घरी येतो. म्हणून पुढची तुलना मी ‘काय काय बघून होतं’ यावर केलेली नाही. माझ्या लेखी निवांत दिवसाच्या कसोट्या दोनच: एकदा पोचल्यावर दिवसभर वाहन लागू नये, आणि कुणी उठवणार नाही अशी बसायला जागा असावी. खाणं, खर्च, ऊन-पाऊस हे सगळं त्यानंतर.

या दोन कसोट्यांवर मॉल आधीच बाद होतो. गारवा मिळतो खरा, पण पैसे न मोजता दोन तास टेकायला तिथे जागा नसते. मरीन ड्राइव्हही दिवसभरासाठी नाही. साडेतीन किलोमीटरच्या त्या कठड्यावर दुपारी सावलीचा पत्ता नसतो. तो सूर्यास्ताच्या तासाभरापुरता ठेवा. उरतात चार पर्याय.

मी स्वतः डोळे मिटून माटुंगा आणि शिवाजी पार्क सुचवेन. मध्य रेल्वेच्या माटुंगा स्टेशनात पूर्वेला उतरलं की दहा मिनिटांत किंग्ज सर्कल. तिथल्या कॅफे मद्रासमध्ये रविवारी नऊनंतर गेलात तर नाव लिहून फुटपाथवर थांबावं लागतं, म्हणून आठच्या आत पोचा. रसम वडा मागवा आणि शेवटी फिल्टर कॉफी. कॉफीचा स्टीलचा पेला खोल वाटीत बसवलेला येतो. आधी पेल्यातून वाटीत ओतायची, मग वाटीतून उंचावरून पुन्हा पेल्यात, वर फेस धरेपर्यंत. मात्र माटुंग्यातल्या हॉटेलात रेंगाळता येत नाही. बाहेर माणसं ताटकळत असतात, त्यामुळे खाऊन झालं की उठायचं. हा इथला एकमेव तोटा, आणि त्यावरचा उतारा चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

तो म्हणजे दादर पारशी कॉलनीतलं फाइव्ह गार्डन्स. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली, त्यानंतर १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि दाट वस्तीतल्या लोकांना हवा-उजेड मिळावा म्हणून दादर-माटुंग्याचा हा भाग आखला गेला. रुंद रस्ते, दोन्ही बाजूंना झाडं, मोकळी जागा सोडून बांधलेल्या बसक्या इमारती, हे सगळं त्या आखणीतून आलेलं आहे. भर मे महिन्यात अकरा वाजताही इथे झाडाखालच्या बाकावर पेपर वाचता येतो. या शहरात फुकट मिळणारी याहून मोठी चैन मला माहीत नाही. सकाळी फिरायला आलेले पारशी आजोबा, सायकल शिकणारी मुलं, आणि अकरानंतर जवळजवळ शुकशुकाट.

जेवायला स्टेशनाजवळ परत यायचं. राम नायक यांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२ पासून चालू आहे आणि तिथे आजही केळीच्या पानावर जेवण वाढतात. दुपारची झोप चुकवायची नसेल तर इथून सरळ घर गाठा, दिवस सार्थकी लागलेला असतो. घरी जायचं नसेल, तर रुळांवरचा झेड ब्रिज ओलांडून पश्चिमेला या. दुपारी दादरच्या शिवाजी मंदिरात एखादं नाटक लागलेलं असलं तर उन्हाचे तीन तास तिथे जातात. मग उन्हं कलली की शिवाजी पार्कचा कट्टा. हे मैदान १९२५ साली लोकांसाठी खुलं झालं. त्याच्याभोवतीच्या किलोमीटरभराहून लांब कट्ट्यावर कुणीही, कितीही वेळ बसावं. समोर एकाच मैदानात क्रिकेटची दहा-बारा नेट लागलेली, एका नेटमधला चेंडू दुसऱ्यात, आणि ‘अरे एल्बो वर ठेव’ म्हणून ओरडणारे कोच. पीयूष प्यायचं असेल तर ते इथेच, दादरात. दोघांचं दोन वेळचं खाणं साधारण हजाराच्या घरात बसतं. बाकी सगळं चालत आणि फुकट.

फोर्ट आणि काळा घोडा हा पर्याय माटुंग्याच्या बरोबर उलटा आहे. माटुंग्यात मजा खाण्याची आणि झाडांची, इथे इमारतींची आणि छपराखाली बसण्याची. त्यामुळे पावसाळ्यात किंवा एप्रिल-मेच्या काहिलीत फोर्ट माटुंग्यापेक्षा सरस ठरतो. रविवारी कचेऱ्या बंद असतात आणि एरवी खांद्याला खांदा लागणारे फुटपाथ रिकामे मिळतात. मेट्रो ३ सुरू झाल्यापासून पश्चिम उपनगरातून हुतात्मा चौकात थेट उतरता येतं, हाही फायदाच.

इथे मात्र हावरेपणा करू नका. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय १९२२ साली खुलं झालं. तेव्हाचं नाव प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम. ते एका दिवसात बघून होत नाही आणि बघूही नये. एक दालन निवडा. मीरपूरखासच्या स्तूपावरचं मातीकाम किंवा असिरियन राजवाड्यातल्या कोरीव शिळा यांपैकी एकापाशी अर्धा तास काढलात तरी तिकीट वसूल. शेजारच्या जहांगीर आर्ट गॅलरीत प्रवेश फुकट असतो. तिथली प्रदर्शनं आठवड्याला बदलतात आणि बऱ्याचदा चित्रकार स्वतः आपल्या चित्रांजवळ बसलेला असतो. त्याला प्रश्न विचारला तर तो आनंदाने बोलतो, हा माझा नेहमीचा अनुभव.

बसायला फोर्टमध्ये दोन जागा उत्तम. हॉर्निमन सर्कलची बाग, आणि तिला लागून असलेलं सेंट थॉमस कॅथेड्रल. कॅथेड्रल १७१८ सालचं आहे. आत शिरल्याबरोबर रस्त्याचा आवाज मागे पडतो आणि दगडाचा गारवा जाणवतो. तिसरी जागा ओव्हल मैदानाची कडा. रविवारी तिथे एकाच वेळी कितीतरी सामने चालू असतात, एका बाजूला हायकोर्ट आणि राजाबाई टॉवर, समोरच्या बाजूला आर्ट डेको इमारतींची रांग. या दोन रांगांसह हा सगळा परिसर २०१८ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे. खाण्याच्या बाबतीत फोर्ट माटुंग्यापुढे कमी पडतो, कारण ऑफिसवाल्यांवर चालणारे गाडे आणि खानावळी रविवारी बंद असतात. इराण्याकडे जायचं तर धोबी तलावाचं क्यानी गाठा. ते १९०४ पासून आहे. बन मस्का, चहा, आणि निघताना मावा केक बांधून घ्या.

लहान मुलं बरोबर असतील तर दोन्ही पर्याय मागे घेऊन मी राणीची बाग म्हणेन. भायखळा स्टेशनवरून पूर्वेला चालत जाता येतं, तिकीट माफक, आणि मुलांना मोकळं सोडता येतं. पेंग्विन बघायला सुट्टीच्या दिवशी चांगली गर्दी उसळते. ते आधी उरकून घ्या आणि मग झाडांकडे वळा. ही बाग मुळात वनस्पती उद्यान म्हणून वाढवलेली आहे, एकोणिसाव्या शतकातली. गोरखचिंचेचा पिंपासारखा बुंधा मुलांना पेंग्विनइतकाच आवडतो. आवारातल्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या बाजूला दगडी हत्ती उभा आहे. घारापुरी बेटाला पोर्तुगीजांनी ‘एलिफंटा’ म्हटलं ते या हत्तीवरून. १८६४ साली तो इंग्लंडला न्यायचा प्रयत्न झाला, उचलताना तो फुटला, आणि पुढे तुकडे जोडून इथे उभा केला गेला. मुलांना ही गोष्ट त्याच्यासमोर उभं राहून सांगा. मात्र एकट्याने किंवा दोघांनी शांतपणे बसायला रविवारची राणीची बाग योग्य नाही. तुमची सुट्टी आठवड्याच्या मधल्या दिवशी असेल तर गोष्ट वेगळी, फक्त बुधवारी बाग बंद असते.

चौथा पर्याय लाँचचा. ज्यांचा फोन सुट्टीच्या दिवशीही थांबत नाही त्यांच्यासाठी हा खास. गेटवेहून घारापुरीला जायला साधारण तास लागतो, यायला तास, आणि या दोन तासांत काही करण्यासारखं नसतं. हिवाळ्यात कुरव पक्षी लाँचच्या बरोबरीने उडत येतात. त्यांना गाठ्या टाकू नका, तळलेलं त्यांना सोसत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये याच मार्गावर मोठा अपघात झाला, त्यामुळे लाइफ जॅकेट अंगात घालून बसा आणि लाँच खच्चून भरलेली दिसली तर पुढचीची वाट बघा. बेटावर पोचल्यावर शंभराहून जास्त पायऱ्या चढायच्या आहेत, हे गुडघे दुखणाऱ्यांनी लक्षात घ्यावं. वर मुख्य लेण्यातल्या सदाशिवाच्या तीन मुखांसमोर अंधाराला डोळे सरावेपर्यंत थांबायचं. घाईने फोटो काढून निघालेल्यांना डाव्या मुखाच्या कपाळावरची आठी दिसतच नाही.

पण हा पर्याय चारांत सर्वांत कमी आरामाचा आहे: रांग, ऊन, पायऱ्या, परतीच्या लाँचची वेळ. नुसतं पाण्यावर जायची हौस असेल तर भाऊच्या धक्क्यावरून रेवसची साधी लाँच पकडा. नोकरदार, कोळणी, गावी निघालेली कुटुंबं असे रोजचे प्रवासी असतात, पर्यटनाचा गलका नसतो. रेवसला उतरून चहा घ्यायचा आणि परतीच्या लाँचने यायचं. उपनगरात राहत असाल तर मार्वेहून मनोरीची फेरी आणखी सोपी, पलीकडे काही मिनिटांत. पावसाळ्यात मात्र लाँचच्या भरवशावर दिवस ठरवू नका, समुद्र खवळला की फेऱ्या रद्द होतात.

बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान मी मुद्दाम या चारांत घेतलेलं नाही. कान्हेरीची शंभराहून जास्त लेणी, त्यांच्या दाराशी कातळात खोदलेली पाण्याची टाकी, पावसाळ्यात कातळावरून वाहणारे ओहोळ, हे सगळं अप्रतिम आहे. पण प्रवेशद्वारापासून लेणी सहा-सात किलोमीटर आत, आणि नंतर चढ. तो भटकंतीचा दिवस झाला, निवांतपणाचा नाही.

आता वारांचं गणित. रविवार असेल तर निघण्याआधी मेगाब्लॉक बघा. माटुंगा ते मुलुंड ब्लॉक हा मध्य रेल्वेचा नेहमीचा, आणि तो असला की काही स्टेशनांवर धीम्या गाड्या थांबत नाहीत. तेव्हा पश्चिम रेल्वेने माटुंगा रोडला उतरून झेड ब्रिजवरून पूर्वेला जा. शनिवारी सुट्टी असणाऱ्यांनी माटुंग्याचाच विचार करावा, रविवारपेक्षा रांगा आखूड असतात. सोमवारी सुट्टी असणाऱ्यांना निवड कमी: घारापुरीची लेणी बंद, राष्ट्रीय उद्यान बंद, माटुंग्यातली कॅफे मद्राससारखी हॉटेलंही बंद. त्यांनी फोर्टला जावं, वस्तुसंग्रहालय सोमवारीही उघडं असतं. फक्त अकरानंतर गाडीत चढा आणि साडेचारच्या आत परत फिरा, नाहीतर क्यानीत रात्री आठपर्यंत बसायची तयारी ठेवा.