बॅटरी बदलली, सेल्फ बदलला, बिघाड चावीच्या स्विचमध्ये होता

₹ 650 चा स्विच. बिघाड तेवढाच होता. तो सापडेपर्यंत एका गॅरेजवाल्याने माझ्याकडून ₹ 11,300 घेतले आणि आणखी ₹ 24,000 घ्यायच्या तयारीत होता. असंच दुखणं असलेल्या जुन्या गाड्या खूप जणांकडे असतील, म्हणून सगळं तपशिलात लिहिते आहे.

माझी गाडी चौदा वर्षांची, पेट्रोलवरची. आईला दर महिन्याला कराडहून मिरजेला दवाखान्यात न्यावं लागतं, मुख्यतः त्यासाठीच ती ठेवली आहे. सकाळी घरून निघताना एका सेल्फमध्ये सुरू व्हायची. पेठ नाक्यावर चहाला वीस मिनिटं थांबलो की चावी फिरवल्यावर नुसतं ‘टक्’. डॅशबोर्डचे दिवे लख्ख, हॉर्न खणखणीत, सेल्फ, म्हणजे इंजिन सुरू करणारी मोटर, मात्र ढिम्म. अर्ध्या तासाने कधी लागायचा, नाहीतर दोघा-तिघांना विनवून धक्का मारून घ्यायचा. दुसऱ्या गिअरला क्लच सोडला की इंजिन लगेच पकडायचं आणि मग मिरजेपर्यंत काही तक्रार नसायची.

गॅरेजवाला पहिल्यांदा म्हणाला, “मॅडम, बॅटरी गेली.” नवी टाकली, ₹ 4,800. पंधरा दिवसांत पुन्हा तेच. मग म्हणाला, “सेल्फचं आर्मेचर जळालंय, रिपेअर करून टिकायचा नाही.” दोन दिवस गाडी ठेवून घेतली आणि ‘नवा’ सेल्फ बसवला, ₹ 6,500. तिसऱ्यांदा गेले तेव्हा त्याने ईसीएमवर, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरवर, बोट ठेवलं, शिवाय चावीचा पूर्ण लॉकसेट बदलावा लागेल म्हणाला. त्याचे ₹ 24,000. या तिन्ही वेळांत त्याने व्होल्टेज मोजायचा मीटर हातात घेतलेला मी पाहिला नाही. आणि गाडी ताब्यात द्यायचा तो सकाळी, इंजिन गार असताना. चावी फिरवून दाखवायचा, गाडी सुरू व्हायची, मी पैसे मोजायचे.

ईसीएमचे पैसे जमवत होते, तेवढ्यात परतीच्या वाटेवर इस्लामपूरजवळ गाडी पुन्हा अडली. एकाने जवळच्या वायरमन काकांना बोलावून आणलं. त्यांनी आधी प्रश्न विचारला, “ताई, धक्का मारल्यावर चालू होते का?” होते म्हटल्यावर म्हणाले, “मग ईसीएमला कशाला हात लावायचा? तो बिघडला असता तर धक्क्यानंही इंजिन पेटलं नसतं.”

बॅटरीवर मीटर लावला, 12.5 व्होल्ट. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, आणि बॅटरीच्या प्लसवरून एक वायर थेट सेल्फच्या सोलेनॉइडच्या (सेल्फला करंट जोडून देणाऱ्या विजेच्या चुंबकाच्या) बारीक टर्मिनलला टेकवली. सेल्फ ताडकन फिरला. म्हणजे बॅटरी ठीक, सेल्फ ठीक, जाड केबल आणि अर्थिंगही ठीक. मग चावीकडून येणारी बारीक वायर काढून तिच्यावर मीटर धरला आणि मला चावी स्टार्टला धरायला सांगितली. जवळजवळ पूर्ण 12 आले. मला वाटलं, स्विचही चांगलाच आहे. काका म्हणाले, “थांबा, फसायची जागा हीच.” तीच वायर परत जोडून मोजलं तर फक्त 7.

कारण त्यांनी मला नीट समजावलं. स्विचच्या आतला कॉन्टॅक्ट जळून काळा पडला की त्यातून मीटरपुरता किरकोळ करंट सहज जातो, म्हणून मीटर पूर्ण व्होल्टेज दाखवतो. सोलेनॉइड ओढताना करंट बराच लागतो, तेव्हा त्याच काळ्या कॉन्टॅक्टवर व्होल्टेज मरतं. त्यामुळे मोजायचं ते लोड असताना, म्हणजे सोलेनॉइड करंट ओढत असताना. मीटर नसेल तर ती वायर जोडलेली ठेवूनच तिला 21 वॅटचा इंडिकेटरचा बल्ब लावून पाहायचा, मंद पेटला तर वाटेत कुठेतरी अडथळा आहे. स्टिअरिंगखालचं कव्हर काढून त्यांनी स्विचच्या मागेही मोजलं. आत येणाऱ्या वायरवर 12, स्टार्टच्या वायरवर साडेसात. साडेचार व्होल्ट स्विचच्या पोटातच जात होते. डॅशबोर्डचे दिवे लख्ख असायचे, कारण इग्निशनचा आणि स्टार्टचा कॉन्टॅक्ट वेगळा असतो. आणि गरम झाल्यावरच त्रास व्हायचा, कारण सोलेनॉइडमधल्या तापलेल्या तांब्याच्या कॉइलचा रेझिस्टन्स वाढतो, मग ते अपुरं व्होल्टेज तिला आणखीच अपुरं पडतं.

माझ्या गाडीत सेल्फला रिले (थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) नव्हता, सोलेनॉइडचा सगळा करंट चावीच्या स्विचमधूनच जायचा. काकांनी स्विचचा मागचा विजेचा भाग तेवढा बदलला. तो दोन स्क्रूंवर असतो. कुलूप तेच राहिलं, चावी तीच राहिली, लॉकसेटची गरजच नव्हती. सोबत रिले टाकला. स्विच, रिले, वायरिंग, मजुरी मिळून ₹ 1,350 झाले. त्यानंतर कडक उन्हातही गाडी एकदा अडलेली नाही.

सगळ्यात जास्त लागलं ते पुढचं. गाडीखाली वाकलेले काका म्हणाले, “हा सेल्फ नवा नाही, ताई.” स्क्रू-ड्रायव्हरने चंदेरी रंग खरवडला, आत जुनं काळं अंग. दोन वर्षांपूर्वी माझ्या सेल्फच्या कानाला, म्हणजे बोल्ट लावायच्या जागेला, तडा गेला होता आणि मी तो वेल्ड करून घेतला होता. ते वेल्डिंग रंगाखाली जसंच्या तसं होतं. माझाच सेल्फ रंगवून मला ₹ 6,500 ला विकला होता.

दुसऱ्या दिवशी गॅरेजवर गेले. “कंपनीतूनच तसा आला असेल,” एवढंच उत्तर मिळालं. माझा जुना सेल्फ दाखवा म्हटलं, तर भंगारात गेला. जुनी बॅटरीही भंगारात. तिच्यातल्या शिशाचे पैसे येतात, ते माझ्या हिशोबात कुठेच वजा केलेले नव्हते. घरी येऊन ग्राहक हेल्पलाइनला, 1915 वर, फोन करायचं ठरवलं आणि कागद काढले. वहीचं फाडलेलं पान, त्यावर पेनाने लिहिलेले दोन आकडे. गॅरेजचं नाव नाही, जीएसटी क्रमांक नाही, सही नाही. बॅटरीच्या वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्काही नाही. पैसे रोख दिलेले. पक्कं बिल हवं असेल तर जीएसटी वेगळा लागेल, असं तो दोन्ही वेळा म्हणाला होता, आणि दोन्ही वेळा मी ‘राहू दे’ म्हणाले होते.