सँतोरिनी: क्रूझने की फेरीने?

राजेंद्रनगरात वर्षभरात तिसऱ्यांदा कुणीतरी अडवून विचारलं, "काका, ग्रीसला निघालोय. क्रूझ घेऊ की फेरीने, म्हणजे प्रवासी बोटीने, आपापलं फिरू?" इंदुरात बसून समुद्राचे सल्ले देणारा मी एकटाच असेन, पण दोन्ही करून आलोय खरा.

क्रूझची सोय नाकारता येत नाही. बॅग एकदाच उघडायची, रात्री झोपायचं, सकाळी खिडकीत नवं बेट. बरोबर सत्तरीची आई असेल तर मुकाट्याने क्रूझ घ्या. फेरीत सामान स्वतः ओढावं लागतं, आणि जुलै-ऑगस्टात मेल्तेमी वारा सुटला की फेऱ्या रद्दही होतात.

पण सँतोरिनी बेटावर क्रूझचं जहाज धक्क्याला लागत नाही. ते काल्डेरात, म्हणजे ज्वालामुखीच्या पाणी भरलेल्या खोलगटात, उभं राहतं, लाँचने जुन्या बंदरावर सोडतात, आणि फिरा गाव थेट कड्याच्या माथ्यावर. वर जायला केबल कार, खेचरं, नाहीतर जवळजवळ सहाशे पायऱ्या. केबल कारचा प्रवास तीन मिनिटांचा. उतरतानाची रांग, आम्ही उभे होतो त्या दिवशी, दीड तासाची. डोक्यावर ऊन, हिचा गुडघा बोलायला लागलेला, पायऱ्यांवर लीद, म्हणून तोही रस्ता बंद. पुढचे गृहस्थ सारखे घड्याळ बघायचे आणि मग आम्हीही बघायचो, कारण शेवटच्या लाँचची वेळ ठरलेली. हे सगळं धरून बेटावरचं इआ गाव राहिलंच. माझा निकाल त्या रांगेतच लागला. तुमच्या नशिबी कदाचित रिकामा दिवस येईलही.

रंगपंचमीला इंदूरच्या राजवाड्यावर गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघते तेव्हा आपले दुकानदार ताडपत्र्या बांधतात. फिरात उन्हाळ्यात गेर जवळपास रोजची, आणि दुकानं झाकायच्या ऐवजी तिच्यासाठीच मांडलेली: दागिने, मॅग्नेट, आइस्क्रीम. बसून जेवणारे थोडे, कारण जेवणाचे पैसे जहाजावर आधीच भरलेले. साडेपंधरा हजार वस्तीचं बेट, तिथे क्रूझचे लोक दिवसाला ८,००० वर नकोत अशी मर्यादा ठरवावी लागली. जुलै २०२५ पासून ऐन हंगामात सँतोरिनी आणि मिकोनोसला क्रूझवाल्यांना माणशी २० युरो करही आहे.

दुसऱ्या खेपेला पिरेअसहून, म्हणजे अथेन्सच्या बंदरातून, फेरीने गेलो, तीन रात्री राहिलो. संध्याकाळी जहाजं सुटली की गल्ली मोकळी होते, दुकानदार खुर्ची बाहेर काढून शेजाऱ्याशी बोलत बसतो. खानावळीत फावा मागवली: पिवळ्या डाळीचा घट्ट लगदा, वर कच्चा कांदा आणि ऑलिव्हचं तेल. ही डाळ आपल्या लाखेच्या डाळीच्याच कुळातली. हिने पहिल्या घासाला "अगं बाई, पिठलं!" म्हटलं आणि भाकरी नाही म्हणून हळहळली.

मुक्कामी माणूस धुतल्या तांदळासारखा असतो असंही नाही. आमच्यासारख्यांसाठी घरांच्या खोल्या झाल्या, आणि बाहेरून बदलून आलेल्या शिक्षकाला भाड्याचं घर मिळणं मुश्कील झालं. तरी आपण निदान तिथल्या बाईंच्या हातचं जेवतो.

क्रूझचं बुकिंग झालंच असेल तर सकाळची पहिली लाँच पकडा आणि परतीला दोन तास हाताशी ठेवा. झालं नसेल तर फेरीने जाताना दोन रात्री नाक्सोस बेटावरही काढा. तिथे फेरी गावालाच लागते. उतरल्या उतरल्या पोर्तारा दिसतो, अपोलोच्या अर्धवट राहिलेल्या देवळाची संगमरवरी चौकट. बेटावरचे बटाटेही नावाजलेले. माळव्याच्या माणसाने एकदा खाऊन बघावेत.